नाव रूपी, वय छप्पन्न

सायवन,
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

प्रगे,

वर 'डॉक्टर प्रगती' असं लिहायला घेतलं होतं, पण जमेना. आश्रमशाळेच्या ओट्यावर बसून जिच्या डोक्यातल्या उवा मी काढल्या, तिला डॉक्टर म्हणायचं म्हणजे हसूच येतं. राग येत असेल तर येऊ दे. तसाही आलेलाच आहे.

अडीच वर्षं झाली आपण बोललो नाही त्याला. फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. माझं वाक्य अर्ध्यात तोडायची खोड तुला पहिलीपासून. कागदावर कशी तोडतेस बघू.

आधी कामाचं. परवा आम्हा सगळ्या आशांना आरोग्य केंद्रात बोलावलं होतं. तिथे मॅडमनी तुझा निरोप वाचून दाखवला. डिसेंबरात तुमच्या पुण्याच्या लॅबची माणसं तिसऱ्यांदा रक्त घ्यायला येणार. त्याआधी तलासरीला बायकांचा मेळावा, आणि तिथे माझ्या आईने स्टेजवर उभं राहून सांगायचं की मी मशेरी सोडली आणि माझं रक्त सुधारलं. सगळ्या आशा टाळ्या वाजवून माझ्याकडे बघायला लागल्या. अगं, साठ बायकांचं रक्त नेलंस, तुला माझीच आई सापडली का?

आये येणार नाही. भात कापायला आलंय, नागली उभी आहे, आणि तिचे गुडघे धरलेत. गंगीकाकीला ने. तिच्या हातात माईक दिलास तर संध्याकाळपर्यंत खाली उतरणार नाही, मेळावा एकटीच पार पाडेल.

तुझा निरोप ऐकून मला तुझी पहिली मीटिंग आठवली. जानेवारी २०२२. उपकेंद्राच्या पडवीत मशेरी लावणाऱ्या साठ बायका मी घरोघर फिरून गोळा केलेल्या, आणि तू फळ्यावर चित्रं काढत होतीस. प्रत्येक पेशीत एक जाडं पुस्तक असतं, आईबापाकडून आलेलं. त्यातून चिठ्ठ्या निघतात. चिठ्ठीत लिहिलंय तसा माल पेशी बनवते. आणि काही चिठ्ठ्या इतक्या बारक्या, जेमतेम बावीस अक्षरांच्या, की त्यातून कसलाच माल बनत नाही. त्या छोट्या आरएनएला शास्त्रज्ञ कितीतरी वर्षं कचरा समजत होते. पण तो जाऊन मोठ्या चिठ्ठीला चिकटतो आणि ती चिठ्ठी बाद होते. एवढं सांगून तू बायकांकडे बघितलंस. बायका तुझ्या साडीकडे बघत होत्या.

मग मी उठले, आठवतं? म्हटलं, बायांनो, आमच्या आश्रमशाळेत अधीक्षक सर रोज स्वयंपाकघरात चिठ्ठी पाठवायचे. आज भोपळा करा, उद्या भोपळा करा. ती चिठ्ठी न्यायचं काम माझं, कारण सगळ्यांत ठेंगणी मी. भोपळ्याला आम्ही दोघी विटलेलो. तेव्हा ही प्रगती मला म्हणायची, थुंकी लाव आणि अंगठा फिरव. अक्षर पुसलं की आचारीकाका वैतागून डाळ शिजवायचे. मी स्वतः काही शिजवत नव्हते, पण काय शिजायचं नाही ते मी ठरवत होते. आणि मी तापाने घरी गेले की सगळ्या चिठ्ठ्या सरळ पोचायच्या, मग भोपळ्याला अंत नसायचा. पेशीचं तसंच. तो बारका आरएनए जागेवर असला की वाढ मापात. तो गेला की पेशीला 'वाढ, वाढ' म्हणणाऱ्या चिठ्ठ्या थांबवणारं कुणी नाही, आणि गाठ होते.

गंगीकाकी म्हणाली, "म्हणजे आमच्या तोंडात पण एक दक्षी बसलीय?" तू म्हणालीस, "बसलीय ना काकी, आणि मशेरीने तुम्ही तिला हाकलताय." केवढ्या हसल्या बायका! आणि साठच्या साठ जणींनी हात पुढे केले. तू मला सगळ्यांसमोर मिठी मारलीस. आत्ता हे पत्र लिहितानाही ते आठवून बरं वाटतंय.

त्या दिवशी नदीवरून येताना तू त्या किड्याचं सांगितलंस. हा छोटा आरएनए पहिल्यांदा डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या एका किड्यात सापडला. तो आरएनए बिघडला की किडा मोठाच होत नाही, पुन्हा पुन्हा लहानपणच काढत राहतो. मी म्हटलं, मग त्यात बिघडलं काय? तू म्हणालीस, "अगं, मरतो तो." आणि आपण दोघी खेकड्यांची बिळं बघत उभ्या राहिलो, पस्तिशीच्या दोन बायका. परत तशा कधी उभ्या राहिलो नाही.

आये बरी आहे. मेळाव्याचं डोक्यातून काढून टाक.

दक्षा


सायवन,
रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

प्रगे,

चार पानांच्या पत्राला दोन ओळींचं उत्तर, तेही आरोग्य केंद्राच्या फोनवर! 'रूपीमावशीशिवाय मेळावा होणार नाही. गाडी घरापर्यंत पाठवते, गुडघ्यांची काळजी नको.' हट्टी ती हट्टीच राहिलीस.

दिवाळी झाली. तुझ्या आईकडे जाऊन आले, तिची तब्येत चांगली आहे, तुझ्या नावाने बोटं मोडत होती की पोरगी सणाला येत नाही. नव्या तांदळाच्या भाकऱ्या मी केल्या होत्या. माझ्या आईने घेतली एक, चहात बुडवून बुडवून अर्धी खाल्ली आणि उरलेली कोंबड्यांना टाकली. म्हणते दाढ दुखते.

बरं, खरं लिहिते. दाढ नाही. तिला तिखट लागत नाही, गरम लागत नाही. तोंड दोन बोटांएवढंच उघडतं. तुला आठवत असेल, पहिल्या वेळी तुमच्या डॉक्टरनी तिच्या डाव्या गालात आतून पांढरा चट्टा दाखवला होता. तिच्या रक्तात तो वाढ थांबवणारा छोटा आरएनए पण कमी निघाला होता, आणि वाढीला जोर देणारा दुसरा जास्त. तू मला बाजूला घेऊन म्हणालीस, दर सहा महिन्यांनी हिचं तोंड डहाणूला दाखवायचं. मी दोनदा नेलं. पुढच्या वर्षी दुसऱ्यांदा रक्त घेतलं, आकडे चांगले आले, तू चिंता नाही म्हणालीस, आणि तिने जायचं बंद केलं. आता डहाणू रोडच्या मेडिकलवाल्याकडून मी तोंडात लावायचं मलम आणते. तो सुद्धा म्हणाला, "दक्षाबेन, दर पंधरा दिवसांनी ट्यूब नेताय, एकदा दाखवून घ्या ना." मी त्याला म्हटलं, तुझं दुकान चालव.

मी तिला म्हणते, आये, चल. ती म्हणते, "प्रगतीने सांगितलंय ना बरी आहे म्हणून? तू जास्त शिकलीस का तिच्यापेक्षा?"

जत्रेतल्या भांडणाबद्दल मी कधी काही बोलले नाही. आज बोलते. विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या जत्रेत तू मुद्दाम पुण्याहून आलीस. माझ्या आईला बांगड्या भरल्यास. सगळ्यांसमोर तिचे गाल धरून म्हणालीस, "मावशी, तुझे आकडे परत आले! मशेरी सोडून वर्षात एवढी सुधारणा दुसऱ्या कुणात नाही." ती पोरीसारखी लाजली. तुला विचारल्याशिवाय मला राहवेना, म्हणून मी म्हटलं, आईचं रक्त आणि मुलीचं रक्त सारखंच ना गं? तू हसलीस. म्हणालीस, "पुस्तक अर्धं सारखं. पण हे छोटे आरएनए म्हणजे पुस्तक नाही. आज कुठली चिठ्ठी चालली, कुठली थांबली, त्याचा हिशेब. तो ज्याचा त्याचा असतो, आणि आजचा असतो. तोंडात काय चाललंय ते आईच्या रक्तातून आईचंच कळणार."

आणि त्यावर मी तुझ्यावर ओरडले. आमचं रक्त नेऊन मोठी झालीस, आमच्या बायकांच्या जिवावर परदेशात भाषणं देतेस, चालती हो, असलं काय काय. बांगडीवाली हातातलं काम थांबवून बघत राहिली. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी बघितलं होतं, तरी मी थांबले नाही.

तुला वाटलं असेल दक्षी जळते. जळत नव्हते, देवीशपथ. दुसरंच होतं. ते काय ते मला आज लिहिता येत नाही.

तू गाडी पाठवू नको. पाया पडते.

दक्षा


सायवन,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रगती,

आज आईच्या उशीला रक्त लागलेलं होतं. चट्ट्याच्या जागी आता वाटाण्याएवढी जखम आहे, कडा वर आलेल्या. मी तेरा वर्षं आशाचं काम करते. अशी जखम मी भिंतीवरच्या तक्त्यात रोज दाखवते. उद्या सासूसाठी नितीनने कंपनीत सुट्टी टाकलीय, आम्ही तिला घेऊन डहाणूला निघतोय, तिथून पुढे मुंबईला पाठवतील. निघायच्या आधी हे लिहून टाकते, नाहीतर कधीच व्हायचं नाही.

ते दुसरं रक्त माझ्या आईचं नव्हतं. माझं होतं.

आता माझं वाक्य तोडू नको, सगळं वाच.

पहिल्या वेळी तिच्या दोन नळ्या भरून रक्त घेतलं, त्यानंतर तिला तीन दिवस ताप आला. तो साधा ताप होता, पण तिने घेतलं मनावर. माझं रक्त पुण्याला गेलं, अंगातली ताकद गेली, असं पाडाभर सांगत फिरायची. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुमची माणसं पुन्हा आली तेव्हा ती खळ्यावरच्या पेंढ्यात जाऊन लपली. छप्पन्न वर्षांची बाई, पेंढ्याबाहेर नुसते पाय दिसतायत! मी ओढलं तर रडायला लागली. म्हणाली, "मला मारायला नेतेस का गं?"

आणि आदल्याच दिवशी तुझा फोन. तू परदेशात, कसल्या तरी परिषदेत. "साठातली एकही सुटता कामा नये दक्षे, नाहीतर माझं सगळं काम पाण्यात. रूपीमावशी तर नाहीच नाही." तुझा आवाज बारावीच्या निकालाच्या दिवशी होता तसा, रडायच्या बेतात.

तुला माहीत आहे आपल्याकडे कसं आहे. गावकीचं काम निघालं, बांध घालायचा, रस्ता झाडायचा, की घरातलं एक माणूस जातं. आई गेली काय, मुलगी गेली काय, घराच्या नावावर खूण होते. रेशनच्या रांगेत तेच. मला वाटलं, इथेही तेच. मी तिच्या पोटची, तिचं रक्त तेच माझं रक्त. पहिल्या मीटिंगला तूच नव्हतीस का सांगितलं, पुस्तक आईबापाकडून येतं म्हणून? मी तेवढंच धरून बसले. पुढचं मला कळलंच नव्हतं, आणि बायकांना समजावून सांगायला मात्र मी उठले होते.

दोन नवे टेक्निशियन होते, मला ओळखत नव्हते. मी रांगेत शेवटी बसले. त्याने विचारलं, नाव? म्हटलं, रूपी. वय? छप्पन्न. त्याने मान वर करून बघितलंसुद्धा नाही! मी छत्तीसची होते. मनातल्या मनात त्याला चार शिव्या घातल्या. मशेरी लावता का? सोडली, म्हटलं. किती दिवस झाले? वर्ष. उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली तर म्हणतो, "मावशी, सावकाश." मावशी!

घरी येऊन आईला पेंढ्यातून काढलं आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. मशेरी तिने एक दिवससुद्धा सोडली नव्हती. मी एवढंच म्हटलं, प्रगतीचं काम झालं, आता कुणाला बोलू नको. मला खरंच वाटत होतं की मी तुझं भलं केलं.

मग जत्रेत तू सांगितलंस, ज्याचा त्याचा आणि आजचा. त्या बांगड्यांच्या दुकानापुढे मला त्याच क्षणी कळलं की आईच्या तोंडात काय चाललंय हे कुणालाच माहीत नाही, आणि सगळ्यांना वाटतंय की ती बरी झाली. तेव्हा तिथेच बोलायचं होतं. तुझा लेख छापायला गेला होता, लोक टाळ्या वाजवत होते, आई लाजत होती. माझी नोकरी जाईल असंही आलं मनात, खोटं कशाला बोलू. मी तुझ्यावर ओरडले, कारण तू आणखी एक प्रश्न विचारला असतास तर मी फुटले असते.

लहानपणी चिठ्ठी पुसली तर डाळ मिळायची. या वेळी मी काय पुसलं ते आज उशीवर बघितलं.

अडीच वर्षं मी तिला तोंड दाखवायला चल म्हणत राहिले, आणि ती प्रत्येक वेळी तुझं नाव पुढे करत राहिली. तुझं वाक्य खोडायला मला एकच वाक्य बोलायचं होतं. आये, ते रक्त माझं होतं, तुझं कुणी तपासलंच नाही. नाही बोलले. काल रात्री बोलले. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग आता प्रगतीला कोण सांगणार?" स्वतःच्या तोंडाचं काही नाही, तुझी काळजी. मला तिने एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

तुझा तो आलेख, ज्यात माझ्या आईची रेघ वरून खाली येते, तो खोटा आहे. मेळावा थांबव. बायकांना सांगू नको की वर्षभर मशेरी सोडली की सगळं फिटतं आणि तपासणी नको. मशेरी सोडाच म्हणावं, पण तोंड दाखवत राहा म्हणावं. माझं काय करायचं ते तू ठरव.

दक्षा


सायवन,
रविवार, ११ जानेवारी २०२६

प्रगे,

काल आईला घरी आणलं. डावा गाल आतून काढलाय, खालच्या हाडाचा तुकडा काढलाय, मांडीचं कातडं काढून तिथे लावलंय. बोलते ते अर्धं मला कळतं, अर्धं शितलला. शितल आजीची दुभाषी झालीय आणि स्वतःला पाहिजे ते आजीच्या नावावर मागून घेते. मोठे डॉक्टर म्हणाले, काठावर आणलंत, आणखी दोन-तीन महिने गेले असते तर हात लावता आला नसता. आता किरणं द्यायची आहेत, सहा आठवडे. त्यासाठी पुन्हा मुंबईला जाऊन राहायचं. मशेरीचा डबा तिने स्वतःच्या हाताने चुलीत टाकला. जळताना वास आला तर डोळे मिटून बसली होती.

तू दवाखान्यात आलीस, तिच्याजवळ दोन तास बसलीस, तिची वेणी घातलीस. माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. जाताना पाकीट हातात दिलंस आणि जिना उतरलीस. खिडकीतून बघत होते मी. तू वळून बघितलं नाहीस, पण फाटकाजवळ बराच वेळ उभी होतीस.

पाकीट मी तीन आठवडे उघडलं नाही. वाटलं, शिव्या असतील. काल रात्री आई झोपल्यावर उघडलं.

तू लेख मागे घ्यायला कळवलंस. तुझे साहेब चिडलेत, चौकशी बसलीय, पुढच्या कामाचं अनुदान थांबलंय. यात एका शब्दानेही तू मला दोष दिला नाहीस. आणि मग तिसऱ्या पानावर ते.

मी ते पान पाच-सहा वेळा वाचलं. तू लिहितेस की त्या दुसऱ्या नळीत नेहमीच्या छोट्या आरएनएशिवाय आणखी एक झुंड सापडली होती. ते आरएनए वारेतच बनतात, पोटात मूल वाढवणाऱ्या वारेत, आणि पोटुशी बाईच्या रक्तात उतरतात. छप्पन्न वर्षांच्या रूपीच्या रक्तात ते येणार कुठून? तुला तेव्हाच कळलं होतं की काहीतरी घोळ आहे. लॅबमध्ये नळ्या बदलल्या असतील असं तू समजलीस. नियमाप्रमाणे अख्खा नमुना बाद करायचा होता. पण बाकीचे आकडे इतके सुरेख होते, रेघ इतकी सरळ उतरत होती, की तू तेवढ्या ओळी खोडल्यास आणि बाकीचं ठेवलंस. कुणाला बोलली नाहीस. आणि शेवटी विचारतेस, 'दक्षे, ती तू होतीस तर तुला तेव्हा दिवस गेले होते का?'

पहिल्यांदा मी संतापले, सांगते. म्हणजे अडीच वर्षं मी एकटीच चोर म्हणून कुढत होते, आणि तुझ्याही पदराखाली तेच! तू एक प्रश्न विचारला असतास तर आई तेव्हाच सापडली असती. बरं झालं तू समोर नव्हतीस. मग आठवलं की मीही ओरडून तुझं तोंड बंद केलं होतं. तेव्हा ते आता राहू दे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. हो.

रक्त दिलं तेव्हा मला माहीत नव्हतं. पाड्यातल्या कुठल्या सुनेची पाळी चुकली ते मला तिच्या नवऱ्याच्या आधी कळतं. पहिल्या बारा आठवड्यांत प्रत्येकीची नोंद करायची हेच माझं काम. पण स्वतःचे दिवस मोजले नाहीत. शितल अकरा वर्षांची झालेली, पुन्हा काही होईल असं डोक्यात नव्हतं. होळीच्या आधी चार-पाच दिवस अंगावर शंका घेऊन फिरले, म्हटलं सण होऊ दे, मग तपासणीची पट्टी वापरू. होळीनंतर दोन दिवसांनी मी पोलिओची यादी घेऊन वरच्या पाड्यावर चालले होते. ओढ्यापाशी पोटात कळ आली. तिथेच दगडावर बसले. सगळं तिथेच झालं. ओढ्यात जेमतेम पाणी होतं, त्यात साडी धुतली, ओलीच नेसले आणि यादी पुरी करून घरी आले. नितीनला म्हटलं, ताप आहे. आईला म्हटलं, ताप आहे. माझ्या रजिस्टरात त्या वर्षी सायवनच्या एकवीस गरोदर बायका आहेत. बाविसावी मी लिहिली नाही. लिहिलं असतं तर पुढच्या रकान्यात काय झालं ते लिहावं लागलं असतं.

तेव्हा मी रडले नाही. जत्रा तोंडावर होती, आणि जत्रेत तू ते बोललीस, त्यानंतर आईची भीती इतकी मोठी झाली की बाकी कशाला जागाच राहिली नाही. रडले ते काल, तुझं तिसरं पान वाचून. नितीन जागा झाला. त्याला सगळं सांगितलं. त्याने उठून पाणी आणून दिलं आणि रविवारची शिफ्ट असूनही सकाळी कामावर गेला नाही. आज दिवसभर माझ्या मागे मागे फिरतोय, मला त्याचाही राग येतोय.

तुमच्या चौकशीचा कागद मला आलाय. त्या दिवशी कुणाचं रक्त दिलं ते सहीनिशी लिहून मागितलंय. तालुक्याच्या साहेबांनी गेल्या आठवड्यात बोलावून सांगितलं की खोटं नाव दिल्याचं कबूल केलं तर आशाचं काम जाईल. तिथल्याच एकाने मध्येच सुचवलं की 'मला आठवत नाही' असं लिहा, म्हणजे नमुना नुसता बाद होईल, नळी फेकून देतील आणि विषय मिटेल. तुझाही त्रास त्याने कमी होईल म्हणाला. लॅबमध्येच चूक झाली असं ठरेल.

तुझं तिसरं पान वाचल्यावर मी पुन्हा विचार केला. नळी फेकली, कागद फाडला, तर माझ्या पोटातल्या त्या आठ-नऊ आठवड्यांचं काय उरलं? मी कुठे लिहिलं नाही. ओढ्याने ठेवलं नाही. सगळ्या जगात ते एकाच ठिकाणी लिहिलेलं आहे, तुझ्या मशीनमध्ये, आणि तेही तू खोडलंस.

तेव्हा मी खरं लिहून आजच सही करतेय. काम जायचं तर जाऊ दे, रजिस्टर सांभाळायला दुसरी कुणी मिळेल. साहेबांना सांग, नळी फेकायची नाही. आईचं नाव काढून तिथे माझं घाल. आणि ज्या ओळी खोडल्यास त्या परत लिही. मला त्या वाचता येणार नाहीत, तरी एक प्रत मला पाठव.

तुझी,
दक्षा